उपचाराचा हिशेब

‘डॉक्टरी औषध महाग आणि झाडपाला स्वस्त’ हे वाक्य आपल्या भागात इतक्या वेळा कानांवर पडते की ते एकदा तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. उलट बाजूने बोलणारेही पुष्कळ आहेत. निसर्गोपचार म्हणजे नुसता वेळ घालवणे, शेवटी दवाखानाच गाठावा लागतो, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही पक्षांची माणसे घरातले एखादे उदाहरण पुढे करतात. कुणाच्या मावशीचे गुडघे लेपाने मोकळे झालेले असतात, तर कुणाचा भाऊ वेळेवर शस्त्रक्रिया झाल्यामुळे वाचलेला असतो. उदाहरणे दोन्ही खरी असतात. पण चार उदाहरणे सांगितली म्हणजे हिशेब झाला असे नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो, वैद्यक नव्हे. कोणत्या दुखण्यावर काय घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तसा आवही मी आणणार नाही. परंतु उपचाराचा खर्च कसा मोजावा, हा प्रश्न माझ्या विषयाच्या आवारातला आहे, आणि आजचे बोलणे तेवढ्यापुरतेच.

आधी शब्दांची थोडी झाडझूड करू. गावठी औषध, आयुर्वेद, निसर्गोपचार हे सगळे आपण एकाच गाठोड्यात बांधतो. वास्तविक आयुर्वेद हे औषधे देणारे शास्त्र आहे. त्याचे ग्रंथ आहेत, महाविद्यालये आहेत, पदवीधर वैद्य आहेत. निसर्गोपचारात मुळात औषधच नाही. माती, पाणी, ऊन, हवा, उपवास, आहार आणि विश्रांती यांवर त्याची सारी भिस्त. आजीच्या बटव्यातली सुंठ आणि हळद ही तिसरीच गोष्ट. आणि आठवडी बाजारात चादर अंथरून बसलेल्या माणसाची पुडी ही चौथी. या चौघांचा खर्च एक नाही, आणि धोका तर मुळीच एक नाही.

आता खर्च म्हणजे काय? समजा, मंठा तालुक्यातला एखादा शेतमजूर दुखणे घेऊन जालन्याला आला. डॉक्टरांची फी आणि औषधाची चिठ्ठी हा खर्च त्याला दिसतो, कारण तो रोख जातो. पण त्याच्या सोबत बायको किंवा भाऊ आलेला असतो. दोघांचे येण्याजाण्याचे बसभाडे असते. दोघांची त्या दिवसाची मजुरी बुडते. पैसे उसने घेतले असतील तर त्यावर व्याज चढते. जे काम सोडून आपण दुसरे काही करतो त्या सोडलेल्या कामाच्या मोबदल्याला अर्थशास्त्रात ‘संधी-व्यय’ असे जडसे नाव आहे. साध्या बोलीत ती बुडालेली रोजीच. ती बिलात कुठेच लिहिलेली नसते, पण ती मजुराच्या घरातून जाते, हे खरंच आहे. आणि या सर्वांच्या पलीकडे आणखी एक रक्कम असते. योग्य उपचाराला उशीर झाला तर दुखणे वाढते, आणि वाढलेल्या दुखण्याचा उपचार पहिल्यापेक्षा कितीतरी महाग पडतो. कधी कधी तर माणूसच जातो. स्वस्त आणि महाग हे शब्द वापरताना या साऱ्या रकमा मांडल्या पाहिजेत. नाहीतर आपण फक्त केमिस्टच्या पावतीची तुलना करतो आणि तिलाच उपचाराचा खर्च म्हणतो.

उपलब्ध आकड्यांकडे वळू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या वर्षात, रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या खर्चाची विचारपूस झाली. बाळंतपणे सोडून ग्रामीण भागातल्या एका रुग्णाला सरकारी रुग्णालयात सरासरी ४,२९० रुपये वैद्यकीय खर्च आला. खासगी रुग्णालयात तोच २७,३४७ रुपये. दुसरी पाहणी जुलै २०२२ ते जून २०२३ या वर्षातली, केवळ आयुष पद्धतींविषयी. म्हणजे आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी वगैरे. ग्रामीण भागात या उपचारांवर वर्षभरात माणशी सरासरी ४७२ रुपये खर्च झाल्याचे तीत आढळले. आता कुणी म्हणेल, पाहा, एकीकडे सत्तावीस हजार आणि दुसरीकडे पावणेपाचशे! पण हे दोन आकडे शेजारी ठेवणे म्हणजे सायकलीचे पंक्चर आणि ट्रकचे इंजिन यांच्या दुरुस्तीची तुलना करणे होय. अपघातात मांडी मोडलेला किंवा आतड्याला पीळ पडलेला रुग्ण वैद्याकडे जात नाही. तो रुग्णालयात जातो आणि तिथला आकडा फुगवतो. वैद्याकडे जातात ते बहुधा सर्दी-खोकला, सांधेदुखी, पित्त यांचे रुग्ण, आणि काही तर दुखणे नसताना केवळ प्रकृती राखण्यासाठी जातात.

मला या आकड्यांत दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सरकारी आणि खासगी या दोन्ही रुग्णालयांत वैद्यकशास्त्र एकच, गोळ्याही बहुधा त्याच. तरी खर्चात सहा पटींहून अधिक अंतर. म्हणजे रुग्णाच्या खिशाला बसणारी झळ पुष्कळशी तो कोणत्या दारातून आत गेला यावर ठरते, औषधपद्धतीवर तितकी नव्हे. (सरकारी रुग्णालयातला उरलेला खर्च हवेत विरत नाही, तो कररूपाने आपणच भरतो, पण तो सगळ्यांत वाटला जातो आणि आजारपणाच्या दिवशी एकट्याच्या मानेवर पडत नाही.)

तेव्हा खरी तुलना करायची तर एकच रोग घ्यायला हवा. तशी काही उदाहरणे आपल्याजवळ आहेत, आणि त्यांतले पहिले तर आपल्याच जिल्ह्याच्या एका सुपुत्राचे.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ साली जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यातला. वैद्यकीचे शिक्षण पुरे करून ते १९७६ साली कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीवर गेले. तिथे लाल विंचवाचा दंश झालेले रुग्ण येत, विशेषतः लहान मुले. बहुतेक विंचूदंशांत नुसती आग होते, ठणका लागतो आणि एका दिवसात उतरतो. पण लाल विंचवाच्या काही दंशांत दुखणे फार नसते. उलट घाम सुटतो, उलटी होते, हातपाय गार पडतात, आणि काही तासांनी दम लागून तोंडाला फेस येतो. त्या काळी अशा गंभीर अवस्थेत रुग्णालयात आलेल्या शंभर रुग्णांपैकी तीस-चाळीस दगावत.

गावातला इलाज काय होता? मांत्रिकाने विष उतरवणे, आघाड्याची मुळी उगाळून लावणे, चिंचोका घासून दंशावर चिकटवणे. याला खर्च जवळजवळ नाही. आणि मांत्रिकाला यशही येई, कारण बहुतेक दंश आपोआपच उतरणारे होते. उतरले की श्रेय मंत्राला. पण न्यायाने पाहायचे तर दवाखान्यातली स्थितीही त्या वेळी काही फार चांगली नव्हती. तिथे दिली जाणारी नेहमीची इंजेक्शने या गंभीर रुग्णांना उपयोगी पडत नव्हती. मग ज्या बापाने मुलाला बैलगाडीत घालून दहा कोस नेण्याऐवजी गावातला मांत्रिक बोलावला, त्याचा हिशेब चुकला असे कोणत्या तोंडाने म्हणावे? दवाखान्याकडे देण्यासारखे काही नव्हते, तोवर फुकटचा मंत्र त्याला परवडण्यासारखाच होता.

हा हिशेब बदलला तो ज्ञानाने. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, छातीचे ठोके टिपून ठेवले आणि १९८२ साली आपली निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. विषामुळे मज्जातंतूंच्या टोकांतून काही उत्तेजक द्रव्ये एकदम रक्तात लोटली जातात, त्यामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार पडतो आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरते, असा तो सारा प्रकार आहे. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध द्यायला हवे. आधी त्यांनी शिरेतून थेंबाथेंबाने द्यावयाचे एक औषध वापरले. पण त्यावर सतत नजर ठेवावी लागे, आणि खेड्यातल्या केंद्रात ते जिकिरीचे होते. पुढे प्राझोसिन ही उच्च रक्तदाबावर वापरली जाणारी गोळी त्यांनी वापरून पाहिली. गोळी तोंडाने घ्यायची आणि तिची किंमत काही रुपये! गंभीर रुग्णांतला मृत्यूचा आकडा शंभरात एकाच्या आसपास उतरला. पुढे मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होणारी विंचवाची प्रतिलसही जोडीला आली आणि दोन्ही मिळून दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

इथे डॉक्टरी औषध आणि गावठी इलाज यांच्या रोख किमतीत म्हणण्यासारखे अंतर नाही. दोन्ही स्वस्तच. मोठी रक्कम आहे ती मधल्या वेळेची. मंत्र फुकट असतो, पण त्यात दोन-तीन तास जातात, आणि ते दोन-तीन तासच अशा रुग्णाजवळ नसतात. सर्पदंशाचेही तेच. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे गेली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली. प्रतिसर्पविष सरकारी दवाखान्यात मिळते. वाया जातो तो वेळ.

हे झाले तातडीच्या दुखण्याचे. सावकाश चालणाऱ्या रोगात निसर्गाला वाव अधिक, असे आपण समजतो. ते कितपत खरे, हे क्षयरोगाच्या इतिहासावरून पाहू. एके काळी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, सूर्यप्रकाश, दूध-अंडी आणि महिनोन् महिने अंथरुणावर विश्रांती हाच उपचार. त्यासाठी आरोग्यधामे निघाली. आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे आरोग्यधाम प्रसिद्ध होते. म्हणजे हा अगदी शुद्ध निसर्गोपचार झाला. पण स्वस्त होता का? कमावता माणूस वर्ष-वर्ष घराबाहेर, त्याच्या खाटेचा आणि दुधाचा खर्च वेगळा, आणि खाटा तरी किती पुरणार?

१९५२ च्या सुमारास आयसोनायझिड हे औषध आले. त्यानंतर मद्रासमध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र काढले आणि एक साधाच प्रश्न विचारला. गरीब वस्तीतल्या १९३ रुग्णांचे दोन गट केले. औषधे दोघांनाही तीच. एक गट आरोग्यधामात राहिला. हवा चांगली, जेवण चांगले, विश्रांती भरपूर. दुसरा गट आपल्या कोंदट घरात राहिला. जेवण बेताचे, आणि पुष्कळांना कामावरही जावे लागले. वर्षाअखेर पाहिले तर दोन्हींकडचे बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे! घरी राहिल्याने कुटुंबातल्या माणसांना अधिक लागण झाली असेही दिसले नाही. १९५९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभरची क्षयाची आरोग्यधामे हळूहळू ओस पडू लागली. इथे नैसर्गिक उपचार महाग ठरला, आणि गोळी स्वस्त.

मग चांगल्या जेवणाला काही किंमतच नाही का? आहे, पण दुसऱ्या ठिकाणी. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा धान्य-डाळीचा शिधा देऊन एक मोठा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे झालेला रोग औषध बरा करते, आणि होऊ घातलेला रोग जेवण थोपवते. एकाचे काम दुसऱ्याच्या गळ्यात घातले की दोन्हीकडे तोटा होतो. आज क्षयाची औषधे सरकारकडून मोफत मिळतात, आणि आहारासाठी रुग्णाच्या खात्यात २०१८ पासून दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले; नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ही रक्कम मला औषधाइतकीच औषध वाटते.

मधुमेहाचे उदाहरण तर माझ्यासारख्या हिशेबनिसाला फारच गोड वाटते (शब्दश्लेष माफ असावा). चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली ५३१ माणसे घेतली आणि त्यांचे चार गट केले. एका गटाला नेहमीचाच सल्ला. दुसऱ्याला चालण्याचा व्यायाम आणि आहाराचे पथ्य. तिसऱ्याला मेटफॉर्मिन ही गोळी. चौथ्याला पथ्य आणि गोळी दोन्ही. तीन वर्षांनी पहिल्या गटातली शंभरातली ५५ माणसे मधुमेही झाली होती. बाकी तिन्ही गटांत हे प्रमाण ४० च्या आसपास राहिले. म्हणजे चालण्याने जेवढे साधले तेवढेच गोळीने साधले, आणि दोन्ही एकत्र केल्याने अधिक काही पदरात पडले नाही. पुढे त्यांनी खर्चही काढला. मधुमेहाचा एक रुग्ण टाळण्यासाठी चालणे आणि पथ्य यांच्या मार्गाने ४७,३४१ रुपये लागले, गोळीच्या मार्गाने ४९,२८० आणि दोन्ही मिळून ६१,१३३.

आपण चकित व्हाल की चालायला सत्तेचाळीस हजार कसे लागतात? चालणे फुकट आहे. पण माणसाला चालते ठेवणे फुकट नाही. त्याला वारंवार बोलवावे लागते, तपासावे लागते, समजावणारा माणूस पगारावर ठेवावा लागतो. आणि बारा टाळाव्यात तेव्हा एक टळते अशातला हा प्रकार असल्याने खर्च अनेकांवर होतो आणि फायदा काहींनाच दिसतो. ज्याला कुणी समजावायला लागत नाही, जो आपणहून पहाटे मोती तलावाकडे फेरी मारतो, त्याच्या बाबतीत ही रक्कम जवळजवळ शून्यावर येते, हेही तितकंच खरं. निसर्गोपचार स्वस्त असतो तो शिस्तीच्या माणसाला. आपल्याकडे ही शिस्त किती घरांत असते, हे ज्याचे त्याने पाहावे.

मात्र एक गोष्ट विसरू नये. हे सारे उंबरठ्यावरच्या माणसांविषयी झाले. मधुमेह पक्का झालेला माणूस गोळी किंवा इन्सुलिन एकाएकी बंद करून कारल्याच्या रसावर राहिला, तर त्याच्या पायाची जखम, डोळे आणि मूत्रपिंड यांचे बिल पुढे येतेच. आठवड्यातून दोन-तीनदा कराव्या लागणाऱ्या डायलिसिसच्या फेऱ्या ज्याच्या घरी सुरू आहेत त्याला गोळीची किंमत विचारून पाहा.

निसर्गोपचाराचा विषय निघाला आणि गांधीजींचे नाव आले नाही, असे महाराष्ट्रात होऊच शकत नाही. ‘हिंद स्वराज्य’मध्ये १९०९ साली त्यांनी डॉक्टर आणि इस्पितळे यांवर कडक टीका केली होती. पण जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांच्या आंत्रपुच्छाला सूज आली, तेव्हा १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, आणि तिला गांधीजींनी संमती दिली. वीज गेली तेव्हा कंदिलाच्या उजेडात ती पुरी झाली. यामुळे त्यांची निसर्गोपचारावरची श्रद्धा उडाली नाही. उतारवयात तर त्यांनी पुण्यातल्या डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात गरिबांसाठी काम करायचे ठरवले होते. पण थोड्याच काळात त्यांच्या ध्यानात आले की शहरातले केंद्र खेड्यातल्या गरिबाच्या उपयोगी पडणार नाही. २२ मार्च १९४६ रोजी ते उरुळीकांचनला गेले आणि तिथे गावकऱ्यांना तपासू लागले. गरिबाचा निसर्गोपचार गावात मिळणाऱ्या वस्तूंतच झाला पाहिजे, त्यासाठी बाहेरून काही आणावे लागू नये, असा त्यांचा कटाक्ष होता.

तिथे मागे राहिलेल्या मणिभाई देसाईंनी आश्रम वाढवला. पुढे १९६७ साली त्यांनी शेती आणि पशुपालनाच्या कामासाठी ‘बाएफ’ ही संस्था काढली आणि संकरित गाईंचे मोठे काम उभे केले. निसर्गोपचाराचा कार्यकर्ता गाईंकडे वळला, याचे काहींना नवल वाटते. मला वाटत नाही. दूध आणि फळे खा असे रुग्णाला सांगणे सोपे. पण त्याच्या घरी दूध येते कुठून? आपल्या जिल्ह्याचेच पाहा ना. अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीचे नाव सर्वदूर आहे. रुग्णाला मोसंबीचा रस द्यावा असे कुणीही सांगते. पण बागेत मोसंबी तोडणाऱ्या मजुराच्या आजारी मुलाला रोज एक पेला रस मिळतो का, हा प्रश्न आरोग्याचा आहे तसा उत्पन्नाचाही आहे.

आता दोन्ही बाजूंच्या फुगलेल्या बिलांकडे वळतो. डॉक्टरी उपचार महाग होतो तो पुष्कळदा औषधामुळे होत नाही, मधल्या माणसांमुळे होतो. याच डॉ. बावस्करांना एकदा त्यांनी तपासणीसाठी पाठवलेल्या रुग्णाबद्दल एका निदान केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो परत पाठवला आणि २०१३ साली वैद्यक परिषदेकडे रीतसर तक्रार केली. हे १,२०० रुपये केंद्राच्या पदरचे नव्हते. ते रुग्णाच्याच बिलात मिळवलेले असतात. याला ‘कट प्रॅक्टिस’ म्हणतात. दुसरे उदाहरण हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला २९,६०० रुपयांची मर्यादा घातली. त्याआधी रुग्णाकडून त्याच वस्तूचे लाखाच्या वर रुपये घेतले जात. वस्तू तीच, शास्त्र तेच. नियम आला आणि किंमत एका दिवसात खाली आली. अंगात कणकण आहे म्हणून सलाइन लावून घेणारे रुग्ण आणि लावून देणारे डॉक्टर यांच्याबद्दल मी काही बोलत नाही. ती जोडी जमलेली असते.

दुसऱ्या बाजूलाही भाबडेपणा नको. ‘नैसर्गिक’ या शब्दाला आज मोठा बाजारभाव आला आहे. शहराबाहेरच्या हिरवळीवर आठ दिवस मातीचे लेप आणि उपवास करून घेणारी केंद्रे आहेत. उपाशी ठेवण्याचे पैसे ती भरपेट घेतात. ज्याला परवडते त्याने खुशाल जावे. चिंता वाटते ती बेनामी पुडीची. सांधेदुखीवर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे. दुखणे एका दिवसात थांबते ते त्यामुळे. मग साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि ते बिल डॉक्टरच्या नावावर चढते. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हा दर पाचांतल्या एकात शिसे, पारा किंवा सोमल आढळला. चांगल्या वैद्याचा यात दोष नाही. पण वेष्टनावर घटक, बनवणाऱ्याचे नाव आणि परवाना क्रमांक नसेल ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, एवढे खरेदीचे साधे व्यवहारज्ञान इथेही लागू आहे. बियाण्याची पिशवी घेताना आपण जालन्यात ती चारदा उलटून पाहतो. औषधाच्या पुडीला मात्र ती परीक्षा नाही!

खर्च कमी करण्याच्या काही वाटा हाताशी आहेत त्यांचाही उल्लेख करतो. देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत केसपेपरसह उपचार निःशुल्क झाले. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ठरलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या आजारांना ती लागू होते, म्हणून दाखल होण्यापूर्वी ‘हे रुग्णालय योजनेत आहे का’ एवढे विचारून घ्यावे. दाखल झाल्यावर विचारले तर उशीर झालेला असतो. रोजच्या गोळ्यांसाठी जन औषधी दुकाने आहेत. तिथे औषध मूळ नावाने मिळते आणि नामांकित कंपनीच्या छापाच्या मानाने बहुधा निम्म्याहूनही कमी किमतीत पडते. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून द्या, असे डॉक्टरांना नम्रपणे सांगायला काही हरकत नाही. आणि आपण वैद्याचे काही घेत असू तर तेही डॉक्टरांना सांगावे. लपवल्याने दोन्ही औषधांचे पैसे फुकट जाण्याचा संभव असतो.

राहता राहिले बसभाडे आणि बुडालेली रोजी. गोळी मोफत झाली तरी ती आणायला मंठ्याहून जालन्याला महिन्यातून एक दिवस मोडावा लागत असेल, तर मजुराला ती एका दिवसाच्या मजुरीला आणि दोन तिकिटांना पडते. आणि सुगीच्या महिन्यात तो येतच नाही, गोळी चुकते. हीच महिन्याची गोळी त्याला गावच्या उपकेंद्रात मिळाली, रक्तदाब आणि साखर तिथेच तपासून मिळाली, तर त्याचा खर्च जवळजवळ नाहीसा होतो. आपल्या गावच्या उपकेंद्रात या महिन्यात गोळ्या आल्या आहेत की नाही, हे ग्रामसभेत विचारता येते.